चांदीचा हात

६ डिसेंबर २०२४

मुबीनचाचा, सलाम.

पाकीट बघून दचकू नका, कोणी मेलेलं नाही. आमचे मोबाईल गेटवर कुलपात ठेवून घेतलेत, काम संपेपर्यंत मिळायचे नाहीत. आणि मिळाले तरी काय? साखर कारखान्याच्या बॉयलरशेजारी रंग मारता मारता तुमचे कान गेले. मी इकडून ओरडणार आणि तुम्ही तिकडून "हां हां, जेवलो" म्हणणार. म्हणून कागद. सातवीपर्यंतच्या शाळेचा एवढाच उपयोग झाला, तेव्हा चुका काढू नका.

गावाचं नाव लिहायला मनाई आहे. लिहिलं असतं तरी तुमच्या तोंडात मावलं नसतं. दक्षिणेत आहे असं समजा. पत्राला कंपनीचा पेटी नंबर पाकिटावर आहे, तोच टाका.

जागेबद्दल काय सांगू? शिसारी येते. चाळीस माणसांत दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. वरणात अळ्या निघाल्या तर आचारी म्हणतो, "उकळलेल्या आहेत." आणि आपला मुकादम, विसरवाडीचा भटू! गाडीच्या चावीने कान कोरतो आणि चावी दिनेशच्या टॉवेलला पुसतो. दिनेश म्हणजे तळोद्याच्या वरचा, पावरा आदिवासी, जीपमधून उतरून अजून तासभर चढायचं असं त्याचं गाव. पोरगा बोलत नाही, टॉवेल धुऊन वाळत घालतो. मला तर टॉवेलपेक्षा त्या गप्प बसण्याचीच किळस येते.

काम रंगाचं आहे, पण कशाचं ते ऐका. लष्कराची जुनी रडारं इथं दुरुस्तीला येतात. मी समजत होतो रडार म्हणजे एक छत्री. तसं नाही. एक आहे ते उसाच्या ट्रॉलीएवढं जाळीचं सूप, गरगर फिरतं, लांबचं विमान कुठल्या दिशेला आणि किती दूर ते सांगतं. दुसरं फिरत नाही, नुसती मान वर-खाली हलवतं, विमान किती उंच ते त्याला कळतं. आम्ही त्याला 'हो-साहेब' म्हणतो, भटूपुढे उभ्या असलेल्या मजुरासारखं दिसतं. तिसरं बारकं, ते एकाच विमानाला धरून बसतं, सोडत नाही, आणि तोफेला सांगतं की मार. आणि एक नवं आलंय, दारासारखं सपाट. ते हलतच नाही. त्यात हजारभर बारके डोळे आहेत, ते एकामागून एक इतक्या हिशेबात उघडतात की झोत आपोआप वळतो. जागेवर बसून सगळीकडे बघतं. असला मुकादम असता तर आम्ही मेलोच असतो.

यातल्या काहींवर पांढरा घुमट असतो, फायबरचा. ऊन, वारा, पाऊस लागू नये म्हणून. तो घुमट आम्ही रंगवतो. दिनेश दोराला लटकून वरचा भाग, मी खालचा.

आता अडचण. त्या घुमटाचा खास पांढरा रंग सीलबंद डब्यात येतो. भटू अर्धे डबे बाहेर विकतो आणि उरलेल्यात थिनर ओतून पाणी करतो. मारला की खडूसारखा हाताला लागतो. चिकटपट्टी लावून ओढायची परीक्षा असते, त्यात निघून आला तर भटूचं नाव नाही येणार, आमचीच टोळी नालायक म्हणून हाकलतील. मला परत शहाद्याला येऊन ट्रकच्या मागे गुलाबाची फुलं काढायची नाहीत. अब्बा गेल्यावर तुम्हीच हातात ब्रश दिलात. सांगा, पातळ रंग धरायला काय करू?

आकिब

१४ डिसेंबर, शहादा

आकिबमियाँ, सातवी नापास इंजिनियर साहेब,

पत्र मिळालं. ट्रकवरच्या गुलाबाला नावं ठेवू नकोस, त्या गुलाबावर तू मोठा झालास.

ते सूप आणि मान हलवणं मला काही समजलं नाही, समजून घ्यायचंही नाही. माझ्या समजण्यापुरतं एवढं की एक मोठं झाकण आहे, ते उन्हात उभं असतं आणि त्याच्या आत मशीन आहे. झाकण ते झाकण. कारखान्याच्या मळीच्या टाक्या मी किती वर्षं रंगवल्या? आत मळी उकळू नये, बाहेर रंग सुटू नये. त्यासाठी आमच्या उस्तादांचा एकच नियम होता: पांढऱ्याच्या खाली चांदीचा हात. चांदीशिवाय पांढरा मारला तर ते ब्रश हिसकावून घ्यायचे. चांदी पृष्ठभागाला धरते आणि पांढरा चांदीला धरतो. वरून ऊनही परत फेकते, आतलं मशीन थंड राहील. तुझे साहेब खूश होतील.

भटू भाचीच्या लग्नाला विसरवाडीला आलाय. परवा एसटीने तिथवर गेलो आणि हायवेच्या चौफुलीवर त्याच्या हातात चांदीच्या पेस्टचा मोठा डबा दिला. म्हणाला, "काय शे यामां, चाचा?" मी म्हटलं, "तुझी इज्जत शे." हसला. चहा मी पाजला, बिस्किटंही माझीच खाल्ली.

पातळ कर, एकसारखा मार, सुकल्यावरच पांढरा. घाई करशील तर माझं नाव सांगू नकोस.

मुबीन

२८ डिसेंबर

चाचा,

तुमची चांदी चालली! घुमट आरशासारखा झाला होता, त्यावर पांढरा असा बसला की चिकटपट्टी फाटली, रंग नाही निघाला. परीक्षा घेणाऱ्याने पाठ थोपटली. कोणाची? भटूची. तो म्हणाला, "आपली खास पद्धत आहे, साहेब." मी शेजारीच उभा होतो. मला ओकारी आली. दिनेशला म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "ते काय नवीन आहे?" आणि दोर गुंडाळत निघून गेला.

दिनेश मात्र बदललाय. इथं टेस्टिंगच्या एक मॅडम आहेत, नाकावर चष्मा, पायात पुरुषी बूट. त्यांना हा रोज काही ना काही विचारतो. हिंदी त्याची मोडकी, पण मॅडम चहाचा ग्लास हातात धरून समजावतात. मग रात्री जेवताना हा मला शिकवतो. ऐका तुम्हीही.

रडारच्या पोटात एक चुंबकात धरलेला डबा असतो, त्यात लाटा तयार होतात. दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. त्या तारेतून नाही जात, चौकोनी पोकळ नळीतून जातात, पन्हाळीतून पाणी जावं तशा. वर सुपापर्यंत गेल्या की सूप त्यांना एका दिशेला फेकतं. फेकायचं आणि मग गप्प बसून ऐकायचं. त्याच सुपाने! म्हणून मध्ये एक दरवाजा असतो. ओरडताना कानाचा दरवाजा बंद, ऐकताना तोंडाचा. दरवाज्याने चूक केली तर आपल्याच आवाजाने कान जळतो.

लाट जाऊन पत्र्याला आपटते आणि परत येते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून विमान किती लांब ते कळतं. लाकूड, कापड, फायबर यांच्यातून ती बरीचशी निघून जाते, पण धातू तिला सोडत नाही. विमान धातूचं, म्हणून सापडतं. डोंगरालाही आपटते, पण डोंगर धावत नाही. धावणाऱ्याला आपटून आली की लाटेचा सूर बदलतो. एसटीचा हॉर्न जवळ येताना बारीक आणि पुढे गेल्यावर जाड होतो ना, तसा. सूर बदलला नाही त्याला यंत्र गाळून टाकतं. दिनेश म्हणाला, "म्हणजे उभ्या माणसाची कोणी मोजदाद करत नाही." मॅडम खूप हसल्या म्हणे.

पुढच्या आठवड्यात आमचा घुमट रडारवर चढवून चालू करून बघणार आहेत. दिनेशला मॅडमनी पडद्यासमोर उभं राहायला बोलावलंय. आईला कळवायचंय म्हणतो, पण फुलवंताबाईला वाचता येत नाही. तळोद्याला गेलात तर जीपवाल्याकडून निरोप पाठवा.

आकिब

४ जानेवारी २०२५, शहादा

आकिब,

हे पत्र मिळालं की आधी काम थांबव, मग वाच.

तू लिहिलंस, फायबरमधून लाट निघून जाते आणि धातू सोडत नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे मूर्खा, आणि मी तुझ्याहून मोठा मूर्ख! चांदी म्हणजे काय? ॲल्युमिनियमची पिठी. आपण फायबरच्या घुमटाला बाहेरून सगळीकडे पत्रा जडवला. ते मशीन तू मळीच्या टाकीत कोंडलंस. ओरडेल आणि स्वतःच्याच भिंतीला आपटून ऐकेल. तू लिहितोस तसा त्याचा कान जळेल.

मला वाटलं झाकण ते झाकण. माझ्या टाकीला बाहेर बघायचं नव्हतं.

चालू करण्याआधी मॅडमना सांग. सगळं खरवडा. सँडपेपर पाण्यात भिजवून घासा, कोरडा घासलात तर फायबर ओरखडेल.

मुबीन

५ जानेवारी

चाचा,

काल घुमट चढवून रडार चालू केलं.

मी खाली उभा होतो, दिनेश आत पडद्यासमोर. दरवाजा उघडा होता म्हणून दिसलं. पडद्यावर मधोमध पांढरं झालं आणि पसरत गेलं, जणू सगळीकडून भिंत. मॅडम ओरडल्या, "बंद करो!" तोवर ऐकणाऱ्या भागातून धूर निघाला. जळक्या प्लास्टिकचा वास अजून नाकात आहे. मॅडम बाहेर आल्या, खिशातून किल्ली काढली आणि घुमटावर एक ओरखडा मारला. पांढऱ्याखाली चांदी चमकली. त्यांनी हळूच विचारलं, "ये किसने लगाया?"

मी तोंड उघडायच्या आत भटू म्हणाला, "दिनेशने. वरचं काम त्याचंच. आणि हा दिवसभर मशीनबद्दल विचारत फिरतो, मॅडम, तुम्हालाच माहीत." 

चाचा, दिनेशने विचारलं म्हणून तो गुन्हेगार झाला. मी काहीच विचारलं नाही म्हणून साधा!

मी ओरडलो, चांदी मी मारली, खाली मी, वर तो, मी सांगितलं म्हणून. डबा भटूने आणला. तर भटू माझ्याकडे असा बघतो जसा मी त्याच्या ताटात थुंकलो. "मी? मन्हा काय संबंध? गेटवर बॅग तपासतात, विचारा." गेटवर त्याची बॅग कोण तपासतो? तो गेटवाल्यांना तंबाखू देतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दोघं एका ताटात जेवतात, एकमेकांना वाचवणारच. आणि याचं नाव आकिब आहे, हेही लिहून घ्या." 

आता 'घातपात' हा शब्द निघालाय. दिनेशला गेटजवळच्या खोलीत बसवलंय. बाहेर यायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. महिनाअखेरीस मोठे साहेब येणार, तेव्हा ठरणार पोलिसात द्यायचं की कसं. मलाही बसवलं असतं, पण घुमट खरवडायला माणूस हवा. मी खरवडतोय. चांदीची पूड घामात मिसळून अंगावर बसते, थुंकलो तरी चकाकतं.

मॅडम म्हणतात, "डबा भटूने आणला हे सांगणारा तुझ्याशिवाय कोण आहे?" एकच आहे. तुम्ही. चौफुलीवर तुम्ही त्याच्या हातात दिलात. या. किंवा लिहून द्या, सही करून.

आकिब

१३ जानेवारी, शहादा

बेटा आकिब,

माझं आधीचं पत्र तुला उशिरा मिळालं असणार. देवाची मर्जी.

शांतपणे ऐक. लष्कराचं मशीन जळलंय. शब्द निघालाय तो साधा नाही. अशा ठिकाणी मुबीन नावाचा म्हातारा जाऊन सांगणार की चांदी मी पाठवली? शहाद्याहून? पहिलं नाव ऐकल्यावर पुढचं कोण ऐकेल? दुसऱ्या दिवशी माझ्या दारात गाडी उभी राहील, तिसऱ्या दिवशी गल्ली माझ्याशी बोलणं सोडेल. घरात तुझी चाची आहे, दुकान आहे. साठ वर्षांत कोणाच्या तोंडी आपलं नाव वाईट रीतीने आलं नाही.

तूही आता गप्प बस. जे बोललास ते बोललास. दिनेशचं काय, तो डोंगरातला पोरगा, त्याला कोण ओळखतं? मोठे साहेब बघतील की अडाणी आहे, चार शिव्या देतील आणि सोडतील. त्यांच्या लोकांना अशा गोष्टींची सवय असते. आपल्याला नाही.

अल्ला सगळं बघतो. खरवडताना तोंडाला रुमाल बांध.

मुबीन

२० जानेवारी

मुबीनचाचा,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं तेव्हा वाटलं, जगात एक माणूस आहे जो शाळा न शिकता माझ्या पत्रातून रडार समजला. दुसरं वाचलं तेव्हा वाटलं, हे भटूने लिहिलंय आणि सही तुमची केलीय.

"त्यांच्या लोकांना सवय असते." हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. भटू दिनेशच्या टॉवेलला कानाचा मळ पुसतो, तेव्हा हेच म्हणतो ना? तुम्ही फक्त जरा सभ्य अक्षरात लिहिलंत.

आणि तुमच्या नावाची भीती? चाचा, ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. भटूने माझं नाव कसं घेतलं ते मीच तुम्हाला कळवलं. पण तीच भीती दिनेशच्या मानेवर ठेवून तुम्ही मोकळे होताय. आपल्याला जे लोक करतात तेच आपण त्याला करायचं? मग आपल्यात आणि त्यांच्यात रंगाचा एक हातही फरक नाही.

काल मॅडमपुढे पुन्हा उभा राहिलो. सगळं सांगितलं: चांदी, तिचं काम, कारखान्याच्या टाक्या. त्यांनी फायबरचा एक तुकडा आणला, चांदीचा हात मारला, एका बारक्या यंत्रासमोर धरला. लाट अडली. साधा तुकडा धरला, गेली. म्हणाल्या, "ठीक, हा अडाणीपणा असू शकतो, घातपात नाही. पण हे कुठून आलं ते सांग. तुम्ही दोघं गेटबाहेर गेलेला नाहीत. चांदी आकाशातून पडली का?" मी म्हणालो, भटू. त्या म्हणाल्या, "भटूला कोणी दिली?" मी सँडपेपर उचलला आणि घुमटाकडे गेलो.

तुम्हाला वाटेल, पोराने माया केली, चाचाचं नाव वाचवलं. तसं समजू नका. तुमचं नाव तोंडात घ्यायची मला किळस आली, म्हणून नाही घेतलं. आणि म्हणून दिनेश अजून त्या खोलीत आहे. म्हणजे मीही तुमच्यासारखाच निघालो, हे मला आज घुमटावर घासताना कळलं.

काल खिडकीतून त्याला भाकरी दिली. विचारलं, "आईला काय कळवू?" तो म्हणाला, "काही नको. ती इथं चालत येईल." मग म्हणाला, "आकिब, रडार पुन्हा चालू झालं का?" त्याचं अजून तेच! मी शिव्या दिल्या आणि निघून आलो.

मोठे साहेब ३१ तारखेला येणार. मी त्या दिवशी तुमचं नाव घेणार आहे. किळस येवो नाहीतर काही येवो. आधी कळवलं, एवढीच तुमची आठवण ठेवली.

आकिब

२७ जानेवारी, विसरवाडी

आकिब,

चौफुलीवर, टपरीच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर ट्रक जाताहेत म्हणून समज.

तुझं पत्र चाचीने वाचून दाखवलं. चष्मा लावून मला वाचता येतं, पण मी तिला म्हटलं तू वाच. "त्यांच्या लोकांना सवय असते" या वाक्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिने मला असं बघितलं नव्हतं. पत्र माझ्यापुढे टाकलं आणि चूल विझवली. दोन दिवस मी हॉटेलात जेवलो.

परवा तळोद्याला गेलो. जीपच्या मागच्या फळीवर लटकत वर चढलो, उरलेलं पायी. फुलवंताबाई अंगणात तूर झोडत होती. शेजारचा पोरगा आमच्यात दुभाषी झाला. मी मोठ्याने सांगितलं, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं: तुझ्या मुलाने काही केलं नाही. चांदी माझी होती. अक्कल माझी कमी पडली. आणि नंतर भ्यायलो तोही मी.

मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्यांसाठीच गेलो होतो. ती काठी बाजूला ठेवून म्हणाली, "चूक कोणाची ते मी विचारलं नाही. तो येणार कधी?" पोराने मराठीत सांगितलं. ती उत्तरासाठी उभीच राहिली. मी खाली बघितलं, तर तिचे पाय तुरीच्या भुशाने माखलेले. शेवटी तिने काठी उचलली आणि पुन्हा झोडायला लागली, जणू मी अंगणात नव्हतोच.

उतरताना मला माझीच शिसारी आली, बेटा. तुझ्या पत्राने नाही आली तेवढी.

भटूची बायको इथेच राहते. तिच्या घरी गेलो. तिने स्वतः सांगितलं, हो, डबा घरी आला होता, सांडू नये म्हणून मीच तो साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला. मी विचारलं, येशील का सांगायला? दार लावून घेतलं. लावू दे. मी माझ्यापुरतं सांगेन: कोणत्या टपरीवर दिला, कसा दिला, काय म्हणालो. मग ते भटूला विचारतील.

सुरतेहून रात्रीची गाडी आहे. तिकीट काढलंय. हे पत्र माझ्या आधी पोचेल की नंतर, सांगता येत नाही. ३१ तारखेला तू माझं नाव घेऊ नकोस. तुझ्या तोंडाला त्रास नको. मी गेटवर उभा राहून माझं नाव मीच सांगेन, वडिलांच्या नावासकट.

आणि त्या पोराला खिडकीतून सांग की त्याची आई विचारते, कधी येणार. उत्तर घेऊन ठेव. परत जाताना मला तिच्या अंगणातून जायचंय.

मुबीन